मंडळीचा हात

माझ्या लेकीला पाळकपदाची दीक्षा मिळणार हे कळलं, तेव्हा मी नववीच्या वर्गात इतिहास शिकवत होते. वर्गात फोन पाहायचा नाही हा नियम मीच केलेला, आणि तो त्या दिवशी मीच मोडला. तिचा मेसेज वाचला आणि माझ्या हातातला खडू खाली पडला. मुलांना वाटलं, कुणीतरी गेलं. एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन धावत आली. मी म्हटलं, "अगं, पाणी काय देतेस, पेढे खा!" आणि मधल्या सुट्टीत खरंच स्टेशनसमोरच्या दुकानातून पेढे आणून सगळ्या स्टाफरूमला वाटले.

"पाळक म्हणजे काय हो मॅडम?" चित्रकलेच्या सरांनी विचारलं.

"चर्चमध्ये उपासना चालवणारे, बाप्तिस्मा देणारे, लग्न लावणारे. तुमच्याकडे गुरुजी असतात ना, साधारण तसे समजा."

"आणि ते तुमची मुलगी करणार?"

"मुलगी!" मी इतक्या जोरात म्हणाले की शिपाईमामा काय झालं बघायला दारात आले. त्यांनाही पेढा दिला.

घरी गेले ती अक्षरशः तरंगत. मला वाटलं होतं, आता दोन महिने नुसता आनंदीआनंद असणार. पण आमच्याकडे आनंद कधी सरळ रस्त्याने येत नाही. चहा होईपर्यंत माझ्या वडिलांचं आणि सासऱ्यांचं भांडण सुरू झालं होतं, तेही फोनवर.

हे भांडण कळायला आधी आमची दोन घरं कळायला हवीत. माझं माहेर शिरूरचं. वडिलांना, म्हणजे आबांना, सगळा तालुका ओळखतो, कारण घोड नदीच्या दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांच्या जळलेल्या मोटरी त्यांच्याच दुकानात रिवाइंडिंगला येत. आबा शिरूरच्या चर्चचे पंच. त्या चर्चची सुरुवात अमेरिकन मिशनऱ्यांनी केली, आणि ते मिशनरी बिशप वगैरे मानणारे नव्हतेच. मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमणारी सगळी माणसं. मंडळीनेच आपला पाळक निवडायचा आणि मंडळीच्या पंचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला कामाला लावायचं, ही तिथली रीत होती.

सासर दौंडचं. सासरे, म्हणजे पपा, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले आणि आता चर्चचे सेक्रेटरी आहेत. दौंडचं चर्च इंग्रज रेल्वे अधिकाऱ्यांसाठी बांधलेलं. तिथे पहिल्यापासून सगळं पद्धतशीर: पितळी कठडा, रांगेत बाकं आणि सगळ्यांच्या वर बिशप. स्वातंत्र्यानंतर ही वेगवेगळी चर्चेस एकत्र आली, आणि शिरूरकरांच्याही डोक्यावर बिशप आले. माझ्या माहेरच्या म्हाताऱ्यांनी ते मान्य केलं, पण तोंडदेखलं. मनातून ते अजूनही मंडळीवालेच.

आणि दीक्षेत तर सगळं हातावरच असतं. येशूने बारा जण निवडले, त्यांना आम्ही प्रेषित म्हणतो. प्रेषितांनी पुढच्यांच्या डोक्यावर हात ठेवला, त्यांनी त्यांच्या पुढच्यांच्या, असं करत करत तो हात आजच्या बिशपांपर्यंत आला, ही पपांची श्रद्धा. मधे एक जरी हात सुटला, तरी पुढचं सगळं खोटं.

"डबा कितीही नवा असू द्या," पपा फोनमध्ये ओरडत होते, "कपलिंग लागलं नाही तर इंजिन निघून जाणार आणि डबा यार्डात! बिशपचा हात म्हणजे कपलिंग, आबासाहेब!"

"आन् डबंच न्हाईत तर इंजिन येकलं कुठं निघालंय?" पलीकडून आबा. "हवा खायाला? मंडळीनं हात ठिवला न्हाई तर ती पोरगी पाळक कुनाची? बिशपची?"

मी चहाचा कप आपटला. ज्या मुलीचं हे चाललं होतं तिचं अभिनंदन दोघांपैकी एकानेही केलेलं नव्हतं.

माझी लेक मात्र शांत. ती माझ्यावर गेलेली नाही, देवाची कृपा. पहिली काही वर्षं ती आबांजवळ शिरूरला वाढली, कारण तेव्हा माझी नोकरी आडगावात होती आणि नवरा रेल्वेत, कायम गाड्यांवर. रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर आबा हात धुवायचे, तरी वार्निशचा वास जायचा नाही, आणि तोच हात तिच्या डोक्यावर ठेवून प्रार्थना करायचे. ती मला म्हणाली, "आई, दीक्षेच्या वेळी आबांचा हात नसेल तर मला काहीतरी अर्धंच मिळाल्यासारखं वाटेल. पपांचं म्हणणंही मला पटतं. पण आबा हवेत."

तिने रीतसर बिशपसाहेबांना विचारलं. माणूस मृदू. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की विधीत बिशप आणि दीक्षा झालेले पाळक एवढ्यांनीच हात ठेवायचे असतात. एका ठिकाणी सूट दिली तर उद्या प्रत्येक ठिकाणी द्यावी लागेल. ते चिडले नाहीत की रागावले नाहीत, आणि म्हणूनच आम्हाला पुढे काही बोलता आलं नाही.

आबांना हे कळल्यावर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "मंडळीचा हात न्हाई, तर माजा पाय न्हाई. मी येत न्हाई."

लेकीने फोन ठेवला आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. रडली नाही. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

मग माझं डोकं फिरलं. इतिहासाची बाई आहे मी. मी ठरवलं की या दोन म्हाताऱ्यांना मुळात काय झालं होतं तेच दाखवायचं. पोरीची पुस्तकं घरात होतीच, सेमिनरीतली, म्हणजे पाळकांच्या कॉलेजातली, पेन्सिलीच्या खुणा केलेली. मी वाचायला बसले, आणि काय सांगू, मला इतकी मजा गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती! वेळापत्रक, पेपर तपासणं सगळं बाजूला पडलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायची शुद्ध राहिली नाही. भात करपला तर नवरा म्हणाला, "हे कितव्या शतकात करपलं?"

मजा कशाची, तर तिथे सुरुवातीला कुठलीच एक पद्धत नव्हती. बारांपैकी एकाने विश्वासघात केला आणि तो मेला. त्याची जागा भरायची होती. ती कशी भरली? दोन माणसं उभी केली, प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या! आपल्याकडे सरपंचपदाला समान मतं पडली की टाकतात, तशाच. मी स्वयंपाकघरातून ओरडून नवऱ्याला सांगितलं. मग विधवांना रोजचं अन्न नीट वाटलं जात नाही अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी लोकांना सांगितलं, तुमच्यातली सात माणसं तुम्ही निवडा. लोकांनी निवडली आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. पुढे एका शहरात तर नुसत्या शिक्षकांनी आणि संदेश देणाऱ्यांनी दोन जणांवर हात ठेवून त्यांना दूरच्या मुलुखात पाठवलं, आणि त्या दोघांपैकी एकाला आज आपण मोठा प्रेषित म्हणतो. शिक्षकांनी! हे वाक्य मी दोनदा वाचलं.

आणि ज्या वारशाच्या माळेवर पपांचा एवढा भरवसा, ती कुठून आली तेही सापडलं. प्रेषित मरून गेल्यावर शंभरेक वर्षांत बरेच जण उभे राहिले, म्हणू लागले की येशूची खरी शिकवण आमच्याकडे आहे, गुपचूप सांगितलेली, बाकीच्यांना माहीत नाही. तेव्हा एका बिशपने साधा प्रश्न टाकला: तुला कुणी सांगितलं? आमच्याकडे या, आम्ही दाखवतो, या शहरात प्रेषितांनंतर कोण बसला, त्याच्यानंतर कोण, सगळ्यांदेखत शिकवणारी माणसं, चोरून काहीच नाही. मी थक्क झाले. म्हणजे माळ जपली ती मिरवायला नाही, फसवणूक उघडी पाडायला! मी तरी वर्गात रोज दुसरं काय विचारते? "हे तुला कुणी सांगितलं? कुठे वाचलंस?"

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आबांना फोन लावला, स्पीकरवर टाकला, पपांना समोर खुर्चीत बसवलं आणि तास सुरू केला. मधे बोलायचं नाही अशी ताकीद दिली. दोघांनी ती पाळली नाही.

"चिठ्ठ्या टाकल्या? म्हंजी बिशप न्हाई, काय न्हाई?" आबा खूश.

"पण टाकल्या कुणी? प्रेषितांनीच ना?" पपा.

"सात मानसं निवडली कुनी? लोकांनी!"

"आणि हात कुणाचे? सांगा ना, हात कुणाचे?"

मी पुढे रेटत नेलं, त्या बिशपची माळही सांगितली. म्हटलं, आता दोघांनी नीट ऐका. एक म्हातारा प्रेषित आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहितो. एका पत्रात आठवण देतो की वडीलधाऱ्यांच्या मंडळाने तुझ्यावर हात ठेवले. दुसऱ्या पत्रात म्हणतो की मी तुझ्यावर हात ठेवले. माणूस तोच, डोकंही तेच! एका ठिकाणी मंडळीच्या वडीलधाऱ्यांचे हात, एका ठिकाणी प्रेषिताचे. आणि पुढे रोमच्या चर्चने दुसऱ्या एका शहरातल्या भांडणाऱ्या चर्चला पत्र धाडलं. तिथल्या लोकांनी आपले पुढारी काढून टाकले होते. रोमवाले सांगतात, ही माणसं प्रेषितांनी आणि त्यांच्यानंतरच्या चांगल्या माणसांनी नेमलेली होती, सगळ्या मंडळीच्या संमतीने. दोन्ही गोष्टी एका दमात.

पपा डोकं खाजवू लागले. 

"आणि अजून एक," मी म्हटलं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. "तुझ्यावर मी हात ठेवले, असं तो ज्या पत्रात लिहितो ना, त्याच्या जरा आधी काय लिहिलंय? की हा विश्वास आधी तुझ्या आजीमध्ये होता, मग तुझ्या आईमध्ये. आजी आणि आई! दोघींची नावं घेऊन. तुमचे हात नंतर आले. तुमच्या दोघांच्या आधी माझा आणि माझ्या आईचा नंबर लागतो, कळलं?"

पपा हसले. मला वाटलं, जिंकले. नवऱ्याने तर मला टाळी दिली.

तेवढ्यात आबा बोलले. "पोरी, तुजं खरं हाय. सगळं पटलं मला."

"मग येताय ना?"

"न्हाई."

"आबा!"

"पटलं म्हनून तर न्हाई. सगळ्या मंडळीची संमती लागती, हे तूच आत्ता वाचून दावलंस ना? मग त्या दिवशी मंडळीचा हात का न्हाई? आदी मी अडानीपनानं अडून बसलो हुतो. आता पुराव्यानिशी अडून बसतो."

आणि पपा? पपा उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ते बिशपचं वंशावळीचं मला लिहून दे. पुढच्या मीटिंगमध्ये वाचतो."

एवढं वाचून मी काय केलं, तर दोघांच्या हातात एकेक नवीन काठी दिली! मी इतकी संतापले की तशीच उठून भांडी घासत बसले. लेक मागून येऊन म्हणाली, "आई, पण तू शिकवत होतीस तेव्हा किती छान दिसत होतीस." तिच्यावरही ओरडले.

दीक्षेचा दिवस उजाडला. चर्चला नवा रंग, दारात झेंडूची तोरणं. हार्मोनियम आणि तबलेवाले आधीच येऊन बसलेले. पुण्याहून डेमू लोकलने माझ्या नणंदा आल्या, सोलापूरकडच्या गाडीने जावा. बिशपसाहेबांनी विधी दौंडलाच ठेवला होता, मुलगी इथली म्हणून. मी नवी पैठणी नेसले होते आणि दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होते. उगाचच. आबांचा शब्द म्हणजे शब्द, हे मला लहानपणापासून माहीत.

आणि उपासना सुरू व्हायला जेमतेम वेळ राहिला असताना चर्चच्या फाटकात एक क्रूझर जीप येऊन थांबली. मागे एक पिकअप, माणसांनी भरलेला. क्रूझरमधून आधी फेटा बांधलेले आप्पा उतरले. आप्पा हे आबांचे जुने मित्र, इनामगावच्या बाजूला त्यांची वस्ती. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन मुलुखभर फिरायचे, आता यांचा ऊस आहे आणि आबांच्या हातून रिवाइंडिंग झालेल्या तीन मोटरी. आप्पांच्या मागून त्यांची बायको, म्हणजे आमच्या मामी, सुना, जावा, भावकी, हातात नारळ, टॉवेल-टोपी, एक शाल. आणि सगळ्यांच्या शेवटी, तोंड पाडून, माझे आबा.

झालं होतं असं की आप्पांनी सगळ्या वस्तीला सांगून टाकलं होतं, आबाची नात देवाची गुरू होणार, आपल्याला जायचंय. सकाळी गाड्या घेऊन ते थेट आबांच्या दारात. "चला!" आबा काय सांगणार? आमच्या चर्चच्या घरात हातावरून वाद आहे, असं? घरचं भांडण वेशीवर टांगायचं नाही, म्हणून मुकाट्याने गाडीत बसले.

मी धावत गेले. आबा म्हणाले, "बगायला आलोय. सामील व्हायला न्हाई." आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. आप्पांची सगळी मंडळी त्यांच्या आजूबाजूला बसली. पुढे जागा होती, पण आबा तिथे म्हणून तीही तिथेच. माझी लेक आतल्या खोलीतून डोकावली, तिला आबा दिसले, आणि तिचं तोंड फुललं. तिला अजून माहीत नव्हतं ना, की ते नुसतेच बसणार आहेत.

उपासना सुरू झाली. बिशपसाहेब आले, हातात वाकड्या शेंड्याची उंच काठी. आप्पांचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला: "ही मेंढराची काठी हाय व्हय? मंग ह्ये आपल्यातलंच की!" दोन-चार जण हसले. पपा बाजूच्या वाटेवर उभे होते, छातीवर सेक्रेटरीचा बिल्ला, गाडी सुटायच्या वेळी असायचा तसा चेहरा. त्यांनी मागे बघून बोट ओठांवर ठेवलं.

गाणी झाली, वचनं वाचली, प्रश्नोत्तरं झाली. बिशपसाहेबांनी लोकांना विचारलं की या मुलीला पाळक म्हणून स्वीकारता का, आणि सगळ्यांनी होकार दिला. आप्पांच्या माणसांचा होकार सगळ्यांत मोठा होता. मग लेक वेदीसमोर गुडघे टेकून बसली. पांढरा झगा, खाली झुकलेलं डोकं, मानेवर सुटलेली एक बट. बिशपसाहेबांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले, बाकीचे पाळक गोल उभे राहिले, त्यांनी आपापले हात ठेवले, आणि प्रार्थना सुरू झाली. मी डोळे मिटले.

मागे बाकं सरकल्याचा आवाज झाला. मी डोळे उघडून वळले.

आप्पांची मंडळी उभी राहिली होती. सगळीच्या सगळी. आता त्यांच्या घरच्या पूजेत काय होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, शेजारपाजारच्या सत्यनारायणाला आम्ही लहानपणापासून प्रसादाला जातो. पूजा एकजण करतो, गुरुजी म्हणतात "हाताला हात लावा", की बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते, घरची तिच्या हाताला, ज्याचा पोचत नाही तो पुढच्याच्या खांद्याला. म्हणजे पूजा सगळ्यांची झाली. मामींनी समोर बघितलं, पाळकांनी हात लावलेत, गोल पुरा झालाय, आता आपली वेळ. त्यांच्या लेखी यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. न लावणं म्हणजे आलेल्या पाहुण्यांनी न जेवता जाणं.

"उठा, उठा, हात लावायचाय," मामी सुनांना म्हणाल्या, चांगल्या खणखणीत आवाजात. आणि त्यांनी पुढच्या बाकावरच्या रेल्वे कॉलनीतल्या एका बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाई दचकून वळल्या.

"पुढं लावा की ओ बाई. आमचा हात थांबलाय."

त्या बाईंनी एक क्षण मामींकडे पाहिलं. नियम त्यांनाही ठाऊक होता. पण खांद्यावर हात ठेवून कुणी असं म्हणत असताना ताठ बसून कसं राहणार? त्या उठल्या आणि त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने पुढच्याच्या. बाकामागून बाक उठत गेलं. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, माझ्या नणंदा तर दोन्ही करत होत्या. पपा बाजूने दोन्ही हात खाली दाबत "बसा, बसा" अशा खुणा करत होते, आणि त्यांच्याकडे कुणी पाहतच नव्हतं. त्या गडबडीत प्रार्थनेचे शब्द ऐकू येईनात.

माझ्या खांद्यावर नवऱ्याचा हात पडला. मी वेदीकडे सरकले. खुणा सोडून पपा वेदीकडे तोंड करून पुढे आले होते; माझ्या आणि पाळकांच्या मधे आता फक्त तेच उभे होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पपा," मी हळूच म्हटलं, "मागचे थांबलेत."

ते वळले नाहीत. त्यांची पाठ माझ्या तळव्याखाली कडक झालेली मला कळत होती. या माणसाने आयुष्यभर लाल-हिरव्या झेंड्याशिवाय पाऊल टाकलं नव्हतं. बिशपसाहेबांचे डोळे मिटलेले. पण प्रार्थना संपायला हवी होती, आणि ती संपत नव्हती. ते थांबत, पुन्हा सुरू करत, देवाला आणखी एक गोष्ट मागत. त्यांना कळलं होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

पपांनी आपला उजवा हात उचलला आणि सगळ्यांत तरुण पाळकाच्या पाठीवर ठेवला. तो बिचारा केवढ्यांदा दचकला! आणि मग मागून एक रेटा आला, त्या सगळ्या माणसांचा, माझ्यातून पपांमध्ये आणि पपांमधून पुढे. माझ्या तोंडून हुंदका फुटला, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. बिशपसाहेब आमेन म्हणाले, तेव्हा छत उडेल असा आवाज झाला.

पण आबांचं काय झालं, ते मला दिसलं नव्हतं. बाहेर आल्या आल्या मी मामींना गाठलं.

"लावला का हात?"

"बसलं हुतं की हाताची घडी घालून," मामी म्हणाल्या. "आमचं ह्ये म्हनलं, आबा, नात कुनाची हाय? तरी न्हाई. मंग मीच त्यांचा हात धरला आन् ह्यांच्या खांद्यावर ठिवला. म्हनलं काढतील. मी माजा हात काढला, तर त्यांचा तितंच. पार शेवटपत्तुर."

चर्चच्या आवारात कडुनिंबाखाली आबा एकटे उभे होते. जरा अंतरावर पपा, कुणाशी बोलत नसलेले. लेक बाहेर आली, पांढऱ्या झग्यावर नवा पट्टा, लोक तिला हार घालत होते, हात मिळवत होते. ती सगळ्यांतून वाट काढत सरळ आबांपाशी गेली. मीही मागोमाग गेले.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. घसा साफ केला. त्यांना काय विचारायचं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर आधीच आलं होतं, आणि मला वाटलं, देवा, ही पोरगी आता बरोबर उत्तर देऊ दे.

"माजा हात कळला का गं तुला?"

आणि माझ्या लेकीने, पाळक होऊन अर्धा तासही झाला नव्हता, खरं तेच सांगितलं.

"नाही आबा. आधी बिशपसाहेबांचे हात कळले. मग पाळकांचे. मग मागून एवढा भार आला की मी पुढे पडते की काय असं झालं. कुणाचा हात कुठला, तेच कळेना."

मला तिला चिमटा काढावासा वाटला. म्हाताऱ्यासाठी एकदा हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं!  आबांनी पपांकडे पाहिलं. पपा ऐकत होते.

"मग झालं की बरुबर. येकट्याचा कळला असता, तर त्यो मंडळीचा कसला?" आबा म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली आणि मान खाली घातली. "ठेव आता तुजा."

लेकीने त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. पपांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं, छातीवरचा बिल्ला नीट केला, आणि ते येऊन आबांच्या शेजारी मान खाली घालून उभे राहिले.